मोकळ्या तासाचा भाव

विमान कंपन्यांच्या क्रू शेड्युलिंगचे सॉफ्टवेअर लिहितो असे सांगितले की आमच्याकडचे बहुतेक नातेवाईक ते तिकीट बुकिंगचे काम समजतात, आणि ही समजूत दुरुस्त करण्याच्या भानगडीत मी कित्येक वर्षे पडलो नव्हतो. डिसेंबर २०२५च्या पहिल्या आठवड्यात देशभरात उड्डाणे रद्द होऊ लागली आणि वैमानिकांच्या ड्यूटीचे नियम वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले, तेव्हा बातम्या वाचून मावसभावाने फोन केला. "काय रे, पायलट कमी पडणार हे तुमच्या त्या सॉफ्टवेअरला आधी कळत नाही का?" या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे की कळते, पण त्याला तसे विचारावे लागते. हे दोन मिनिटांत फोनवर समजावता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

विमान कंपनीचे नियोजन पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाते. प्रथम वेळापत्रक ठरते, मग कोणत्या मार्गावर कोणत्या प्रकारचे विमान जाईल हे ठरते, त्यानंतर प्रत्येक विमानाचा दिवसभराचा फेरा आखला जातो. माणसांचा विचार त्यानंतर येतो, आणि तोही दोन टप्प्यांत. पहिल्या टप्प्यात उड्डाणे एकामागून एक गुंफून 'पेअरिंग' तयार करतात, म्हणजे बेसवरून (क्रूच्या ठरलेल्या मूळ विमानतळावरून) निघून पुन्हा त्याच बेसला परतणारी एक किंवा अनेक दिवसांची कामगिरी. या टप्प्यावर ती कोण करणार हे ठरलेले नसते. दुसऱ्या टप्प्यात त्या पेअरिंगवर नावे चढतात आणि महिन्याचा रोस्टर, म्हणजे कोणी कधी कोणती ड्यूटी करायची याचा तक्ता, तयार होतो. इंधनाखालोखाल क्रूचा खर्च हा बहुतेक कंपन्यांचा मोठा खर्च असल्यामुळे पहिल्या टप्प्यात एक टक्का जरी वाचला, तरी सॉफ्टवेअरचे पैसे वसूल होतात. आमच्या धंद्याचा सगळा डोलारा या एका टक्क्यावर उभा आहे.

एक लहानसे उदाहरण घेऊ. वेळा मी सोयीने ठरवल्या आहेत, पण त्या अशक्य कोटीतल्या नाहीत. मुंबईचे एक विमान सकाळी ६.०० वाजता निघून ७.३०ला नागपूरला पोहोचते, ८.१०ला तेथून निघून ९.४५ला मुंबईत परतते, १०.३०ला गोव्याला निघून ११.४५ला उतरते, १२.२५ला निघून १३.४०ला मुंबईत येते, मग १४.३०ला निघून १६.४५ला दिल्ली, आणि १७.३०ला दिल्ली सोडून १९.४५ला पुन्हा मुंबई. एकूण सहा उड्डाणे आणि प्रत्यक्ष उड्डाणाचे १० तास ५ मिनिटे. उड्डाणापूर्वी एक तास रिपोर्टिंग धरले, तर एकाच क्रूने सहाही उड्डाणे करायची म्हटल्यास त्याची ड्यूटी पहाटे ५.०० ते संध्याकाळी ७.४५, म्हणजे पावणेपंधरा तासांची होते, आणि हे कोणत्याही नियमात बसत नाही. तेव्हा विमान तेच ठेवून माणसे बदलावी लागतात. सहज सुचणारी विभागणी अशी की पहिल्या क्रूने नागपूर आणि गोवा करावे, आणि दुसऱ्याने दिल्ली. पहिल्याची ड्यूटी ८ तास ४० मिनिटांची, चार लँडिंगची. दुसऱ्याची सव्वासहा तासांची. दोघांकडेही थोडी सवड उरते. दिल्लीला धुक्याने दोन तास खाल्ले तरी दुसरा क्रू सव्वाआठ तासांत घरी जातो.

आता नियम बदलतो. जानेवारी २०२४मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, ड्यूटीच्या मर्यादांचे सुधारित नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली. 'रात्र' पूर्वी मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत होती, ती सहापर्यंत लांबली. आणि रात्रीला शिवणाऱ्या कामगिरीत उड्डाण जास्तीत जास्त ८ तास, ड्यूटी १० तास आणि लँडिंग पूर्वीच्या सहाऐवजी केवळ दोन अशी मर्यादा आली. पहाटे दोन ते सहा हा शरीराच्या घड्याळातला सर्वांत सुस्त काळ असतो, त्यामुळे हा बदल वाजवीच होता. पण आपल्या उदाहरणातला पहिला क्रू पाच वाजता रिपोर्ट करतो. जुन्या व्याख्येनुसार तो दिवसाचा माणूस होता. नव्या व्याख्येच्या साध्या वाचनाप्रमाणे तो रात्रीला शिवतो, आणि त्याच्या चार लँडिंगपैकी दोन तत्काळ बेकायदा ठरतात.

ऑप्टिमायझरला, म्हणजे सर्वांत कमी खर्चाची मांडणी शोधणाऱ्या प्रोग्रामला, हा नवा नियम सांगितला की तो क्षणार्धात उत्तर देतो: पहिल्या क्रूने केवळ नागपूर करावे, आणि दुसऱ्याने ९.३०ला रिपोर्ट करून गोवा व दिल्ली दोन्ही उरकावे. क्रू दोनच, उड्डाणे सहाच, खर्च जवळजवळ तेवढाच. नियम कडक झाला आणि तरीही एकही माणूस जास्त लागला नाही, असे सांगणारी स्लाइड बैठकीत टाळ्या घेऊन जाते. पण आता दुसऱ्या क्रूची ड्यूटी सव्वादहा तासांची आणि उड्डाण सात तासांचे झाले आहे. तेच दोन तासांचे धुके आले की ड्यूटी सव्वाबारा तासांवर जाते, आणि मर्यादा, मुदतवाढ, कमांडरचा निर्णय अशी सगळी चर्चा दिल्लीच्या पार्किंग बेवर सुरू होते. पहिला क्रू पावणेदहाला मोकळा होऊन घरी जातो खरा, पण त्याची दोन लँडिंग संपलेली असल्यामुळे त्याचा तो मोकळा वेळ कोणाच्याही कामाचा नाही. खर्चाच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

सहा उड्डाणांचे गणित कागदावर सुटते. दिवसाला काही शे उड्डाणे आणि अनेक बेस असले की कायदेशीर पेअरिंगची संख्या कोट्यवधींच्या पुढे जाते आणि सगळ्या पेअरिंग लिहून काढणेच अशक्य होते. येथे 'कॉलम जनरेशन' नावाची युक्ती कामाला येते, आणि माझ्या मते उपयोजित गणितातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी ती एक आहे. तिचे मूळ डँट्झिग आणि वुल्फ या गणितज्ञांच्या १९६०च्या कामात आहे. १९६१मध्ये गिलमोर आणि गोमोरी यांनी ती मोठ्या रोलमधून लहान रुंदीचे तुकडे कमीत कमी वाया घालवून कसे कापावेत या प्रश्नाला लावली. आपल्या शिंप्याला ताग्यातून चार पोरांचे गणवेश बेतताना पडतो तोच हा प्रश्न.

युक्ती अशी आहे. थोड्याशा पेअरिंग घेऊन गणित सोडवायला सुरुवात करायची. त्या उत्तरातून प्रत्येक उड्डाणाला एक भाव मिळतो: हे उड्डाण भागवण्यासाठी आजच्या घडीला किती पैसे पडत आहेत, हे तो भाव सांगतो. मग दुसरा प्रोग्राम उड्डाणांच्या जाळ्यातून वाटा शोधत फिरतो. तो वाटेवर ड्यूटीचे तास, उड्डाणाचे तास, लँडिंग असे सगळे हिशेब सोबत वागवतो आणि मर्यादा ओलांडणारी वाट तेथेच सोडून देतो. समजा त्याला चार उड्डाणांची एक पेअरिंग सापडली, तिचा खर्च १०० आहे आणि त्या चार उड्डाणांचे आजचे भाव ३०, ३५, २० आणि ३०, म्हणजे एकूण ११५ आहेत. बाजारात ११५ला पडणारा माल १००ला मिळत असेल, तर तो घ्यायचाच. ती पेअरिंग यादीत येते, गणित पुन्हा सुटते, भाव बदलतात, शोध पुन्हा सुरू होतो. भावापेक्षा स्वस्त पेअरिंग एकही उरली नाही की हा फेरा थांबतो. कोट्यवधींपैकी काही हजार पेअरिंगच प्रत्यक्ष लिहिल्या जातात, आणि उरलेल्या न लिहिताच नापास होतात. यानंतरही अर्धा क्रू एका पेअरिंगवर आणि अर्धा दुसऱ्यावर, असली अपूर्णांकी उत्तरे निस्तरावी लागतातच, आणि त्यात रात्रीच्या रात्री जातात. पण मूळ कल्पना एवढीच.

या विद्येचा इतिहास बराच जुना आहे. विमान कंपन्यांतल्या गणितज्ञांची ॲजिफोर्स ही संघटना १९६१ची. माँट्रियलच्या संशोधकांतून १९८७मध्ये ॲड ऑप्ट ही कंपनी निघाली, स्वीडनमधल्या गोथेनबर्गला १९९४मध्ये कार्मेन सिस्टिम्स सुरू झाली आणि ती २००६मध्ये बोइंगच्या जेपेसनने विकत घेतली. आज जगभर जी सॉफ्टवेअर चालतात, त्यांतल्या अनेकांची वंशावळ या दोन शहरांपर्यंत जाते.

मला येथे एका गोष्टीवर बोट ठेवायचे आहे. या गणितात प्रत्येक उड्डाणासाठी एक ओळ, म्हणजे 'हे उड्डाण भागलेच पाहिजे' अशी एक अट, असते, आणि ओळ असते म्हणूनच त्याला भाव मिळतो. दुसऱ्या क्रूकडे उरलेल्या मोकळ्या चार तासांची कोठेही ओळ नसते. त्यामुळे त्याला भावही नसतो, आणि ज्याला भाव नाही ते सॉल्व्हर, म्हणजे हे गणित सोडवणारा प्रोग्राम, फुकटचे समजून वापरून टाकतो. यात त्याची चूक अशी काहीच नाही. ती ओळ आम्ही लिहिलेली नसते. लिहायची म्हटली तर लिहिता येते. थोड्या वेळाच्या अंतराने विमान बदलणाऱ्या क्रूला दंड लावता येतो, कारण एका विमानाचा उशीर अशा क्रूच्या पायांनी चालत दुसऱ्या विमानापर्यंत जातो. ड्यूटी मर्यादेच्या जितकी जवळ जाईल तितकी ती महाग करता येते. संध्याकाळच्या दिल्लीवर, पावसाळ्यातल्या मुंबईवर जास्तीचे स्टँडबाय, म्हणजे ऐनवेळी बोलावता येणारे राखीव क्रू, ठेवण्याची अट घालता येते. हे सगळे उपाय शोधनिबंधांत आहेत, आमच्या सॉफ्टवेअरमध्येही त्यांची बटणे आहेत. अडचण इतकीच की दंडाचा आकडा किती ठेवायचा हे कोणीतरी ठरवावे लागते, आणि बचतीचा आकडा दर महिन्याला दिसत असताना न घडलेल्या गोंधळाचा आकडा कोणाच्याच अहवालात नसतो. परिणामी बहुतेक ठिकाणी ती बटणे शून्यावर असतात. मी स्वतःही एका निविदेच्या वेळी, स्पर्धकापेक्षा खर्च कमी दिसावा म्हणून, ती शून्यावर नेऊन ठेवलेली आहेत.

रोस्टरच्या टप्प्यावर माणसांना नावे आणि चेहरे येतात. अमेरिकेत वैमानिक आपल्या पसंतीच्या बोली लावतात आणि ज्येष्ठतेनुसार त्या पुऱ्या होतात. इतरत्र काम आणि सुट्ट्या समसमान वाटण्यावर अधिक भर असतो. दोन्ही पद्धतींत सणांची पंचाईत सारखीच. मुंबई बेसच्या रोस्टरमध्ये गणपतीच्या पहिल्या दिवसासाठी आणि गौरीजेवणासाठी आलेले अर्ज एकदा मी चाचणीच्या डेटामध्ये पाहिले होते, आणि सॉल्व्हरने निर्विकारपणे 'पूर्तता शक्य नाही' असे उत्तर दिले होते. कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली ही गोष्ट सांगायला त्याला सात मिनिटे लागली.

या नियमांच्या मागे माणसांचे जीव आहेत, हे विसरून चालत नाही. २२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी मंगळुरूच्या धावपट्टीपलीकडे दरीत कोसळले आणि १५८ जण मरण पावले. कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते, हे चौकशीत कॉकपिटमधील ध्वनिमुद्रणावरून पुढे आले. त्याच्या आदल्या वर्षी, १२ फेब्रुवारी २००९ला, अमेरिकेत बफेलोजवळ कोल्गन एअरच्या अपघातात ५० जण गेले आणि थकव्याच्या प्रश्नाने तेथे असा जोर धरला की ड्यूटीचे नवे नियम ४ जानेवारी २०१४पासून अमलात आले. थकवा मोजणारी जैवगणिती प्रारूपेही आता सॉफ्टवेअरला जोडलेली असतात. मात्र कायदेशीर असणे आणि ताजेतवाने असणे यांतले अंतर ऑप्टिमायझरला आपणहून समजत नाही. ९ तास ५९ मिनिटे आणि ५ तास हे दोन्ही त्याच्या लेखी सारखेच 'चालेल'.

आता मोडलेला रोस्टर सांधण्याकडे येऊ, कारण गाडी खरी येथेच अडते. नियोजनाला आठवडे असतात, पण कंट्रोल सेंटरमध्ये मिनिटे असतात, आणि तेथे गणिताच्या आधी एक साधा प्रश्न येतो: आत्ता कोण कोठे आहे? डिसेंबर २०२२मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचे जे झाले, त्याचा गाभा हाच होता. हिमवादळ सगळ्यांनाच लागले, इतर कंपन्या काही दिवसांत सावरल्या, पण साउथवेस्टची १६,९०० उड्डाणे रद्द झाली आणि वीस लाखांहून अधिक प्रवासी अडकले. रद्द उड्डाणांचा वेग इतका वाढला की क्रूची पुनर्जुळणी करणारे त्यांचे सॉफ्टवेअर एक उत्तर काढेपर्यंत परिस्थिती पुढे सरकलेली असे. वैमानिक आणि केबिन क्रू आपण कोणत्या शहरात आहोत हे कळवण्यासाठी तासन्‌तास फोन धरून बसले होते. विमान आहे, वैमानिकही त्याच विमानतळावर आहे, पण यंत्रणेच्या नोंदीत तो भलत्याच गावी आहे, अशी अवस्था. पुढच्या वर्षी अमेरिकी परिवहन खात्याने १४ कोटी डॉलरचा दंड केला. याच्या उलट उदाहरण कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचे: ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर सगळे आकाश बंद झाले असताना त्यांनी क्रूसॉल्व्हर या प्रणालीने आपले विस्कटलेले क्रू पुन्हा जुळवले, आणि या कामाला २००२चा फ्रान्झ एडलमन पुरस्कार, म्हणजे आमच्या क्षेत्रातला मानाचा पुरस्कार, मिळाला. दोन्हीकडे साधन एकाच जातीचे होते. कॉन्टिनेंटलच्या साधनाला ताजी नोंद मिळत होती, साउथवेस्टच्या साधनाला शिळी.

डिसेंबर २०२५चे प्रकरण याहून निराळे आहे, कारण तेथे वादळ नव्हते. नव्या नियमांची अंमलबजावणी १ जून २०२४वरून पुढे गेली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि शेवटी १ जुलै व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत नियम लागू झाले. म्हणजे जाहीर झाल्यापासून तयारीला जवळपास दोन वर्षे मिळाली. तरीही ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत इंडिगोची २,५०७ उड्डाणे रद्द झाली, १,८५२ उशिरा गेली, तीन लाखांहून अधिक प्रवासी अडकले, आणि रात्रीच्या नियमांतून कंपनीला १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सवलत द्यावी लागली. जानेवारी २०२६मध्ये डीजीसीएने चौकशीचे निष्कर्ष जाहीर करून २२ कोटी २० लाखांचा दंड केला. त्या निष्कर्षांत प्रमाणाबाहेर ऑप्टिमायझेशन, नव्या नियमांची अपुरी तयारी, सॉफ्टवेअरमधील उणिवा आणि व्यवस्थापनातील त्रुटी अशी कारणे दिली आहेत. रोस्टर ड्यूटीचे तास कमाल करण्याच्या हिशेबाने आखले गेले, डेडहेडिंग, म्हणजे क्रूला प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी नेणे, वाढले आणि सावरायला जागाच उरली नाही, असे त्यात म्हटले आहे. एका सरकारी यंत्रणेने 'ऑप्टिमायझेशन जास्त झाले' असा ठपका लिहिलेला मी प्रथमच वाचला, आणि आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी त्यावर फारसे कोणी बोलले नाही.

काही वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीच्या कामासाठी आमच्या टीममध्ये सल्लागार म्हणून एक निवृत्त क्रू कंट्रोलर आले होते. उमेदीची वर्षे मुंबईच्या नाइट शिफ्टमध्ये काढलेले, सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्याकडे एक लांबट वही असे आणि त्यात कोणता कॅप्टन अंधेरीत राहतो, कोणाला विमानतळावर पोहोचायला कल्याणहून दोन तास लागतात, कोणाचा फोन पहिल्या रिंगला उचलला जातो, असे सगळे लिहिलेले असे. आमच्या मासिक अहवालात स्टँडबाय क्रूसाठी 'न वापरलेले तास' असा रकाना होता आणि तो लाल रंगात छापला जाई. तो पाहून ते म्हणाले, "अहो, मोकळा माणूस दिसला की तुमचं सॉफ्टवेअर अस्वस्थ होतं. तो मोकळा आहे म्हणूनच मी रात्री दोनला त्याला उठवू शकतो."

त्यांच्या सांगण्यावरून आम्ही त्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना घातला. एखादा स्टँडबाय बोलावला गेला नसता, तर त्याने उचललेले उड्डाण आणि त्यामागची त्या विमानाची उरलेली उड्डाणे किती तास उशिरा गेली असती, हे कॉल-आउटच्या, म्हणजे स्टँडबायला बोलावल्याच्या, नोंदींवरून काढून तेथे लिहायचे. हिशेब ढोबळच होता, गृहीतके त्यांच्या वहीतली होती. जुलैत आणि डिसेंबर-जानेवारीत तो रकाना भरून येई. एप्रिलमध्ये रिकामा असे. सर गेल्यावर एका एप्रिलमध्ये कोणीतरी तो लपवला, आणि मला तो पुन्हा दिसता करायला तीन बैठका लागल्या. आता तो पहिल्या पानावर आहे, पण लाल रंग अजून जुन्याच रकान्याला आहे; तो बदलण्याची विनंती मी या आठवड्यात टाकली आहे.